खुर्ची, अंगठा आणि पोच

शनिवारी संध्याकाळी आमचा कट्टा भरतो. बापूला सुट्टी असते आणि निखिल हिंजवडीहून नाशिकला आलेला असतो. त्या दिवशी पम्या मात्र येतानाच तापलेला होता. मुलीच्या अ‍ॅडमिशनला नॉन-क्रिमीलेअर दाखला हवा, त्यासाठी आदल्या दिवशी तिसरी चक्कर, आणि तिसऱ्यांदा टेबलावर नुसता चष्मा.

"चष्मा फायलीवर, पंखा पाचवर, माणूस गायब! पावणेतीन वाजलेले आणि शेजारच्या बाई म्हणतात, जेवायला गेलेत."

"जेवायला अर्धा तास. तोही एक ते दोनच्या मधला," राजाभाऊंनी ठणकावलं. "2019 सालीच परिपत्रक निघालंय. पेपरात होतं."

सगळ्यांनी बापूकडे पाहिलं. बापू महसूलमध्ये कारकून, त्यामुळे महाराष्ट्र शासनाच्या वतीने शिव्या खायचं काम कट्ट्यावर त्याच्याकडेच असतं.

"तुम्हाला फक्त आमचा पाच दिवसांचा आठवडा दिसतो," तो म्हणाला. "29 फेब्रुवारी 2020 पासून शनिवार गेला, पण कार्यालय पावणेदहा ते सव्वासहा झालं. वर्षाचे दिवस 288 होते, ते 264 झाले. तास 2088 होते, ते 2112 झाले. चोवीस तास वाढलेच की!"

"खुर्चीचे वाढले," राजाभाऊ म्हणाले.

राजाभाऊ अंबडला कंपनीत आहेत. त्यांच्याकडे लाइन चालू असताना लघवीला जायचं तरी आधी जागेवर दुसरा माणूस उभा करावा लागतो. तो नसेल तर मांड्या आवळून थांबायचं. "आणि हे हजेरीचा अंगठा लावून चहाला जाणार!"

यावर निखिल हसायला लागला. त्याच्या टीममध्ये एकाने माऊस आपोआप हलवणारं यंत्र आणलंय. ऑफिसच्या टीम्स अ‍ॅपवर 'हजर' दाखवणारा हिरवा ठिपका दिवसभर जिवंत आणि हा बाल्कनीत कपडे वाळत घालतोय. "पण काका, त्याचं आठवड्याचं काम बुधवारीच संपलेलं असतं. मग त्याने चोरलं काय?"

"वेळ चोरला. पगार आठ तासांचा घेतो ना?"

"पगार कामाचा घेतो."

"मग कंपनीला सांग म्हणावं, माझं काम तीन दिवसांचं आहे. सांगेल?"

निखिल गप्प. सांगितलं तर कंपनी आणखी दोन दिवसांचं काम देईल हे त्यालाही ठाऊक होतं.

मला दोघांचंही पटत होतं, आणि थोडी लाजही वाटत होती, कारण पतसंस्थेच्या काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की मीही मोबाइल काढतो. पण गिऱ्हाईक आलं की तिथे असणं हेच माझं काम. निखिलचा मित्र काम आधी उरकू शकतो. मी उद्या येणाऱ्या आजींचं पासबुक आज भरू शकत नाही. चष्मा ठेवून गेलेल्या माणसाचंही तेच. त्याच्या खुर्चीसमोर माणसं उभी राहतात, म्हणून त्याची वेळ नुसती त्याची नाही. राजाभाऊंना हे फारच आवडलं, तेव्हा मी पुढचंही बोललो: तो माणूस दिवसभर खुर्चीत बसून फाइलच हलवत नसेल, तर त्याच्या हजेरीचं पम्याने काय लोणचं घालायचं?

"त्यालाही कायदा आहे," बापू हळूच म्हणाला. हा माणूस आपल्याच खात्याविरुद्ध साक्ष द्यायला कधी तयार होईल सांगता येत नाही. "2005 चा. बदल्यांचा म्हणून सगळे ओळखतात, पण त्यातच दप्तर दिरंगाईचं कलम आहे. एका टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांहून जास्त ठेवायची नाही."

"मग?"

"मग काय, सातव्या दिवशी त्रुटी काढायची. फाइल परत. मोजणी पुन्हा एकपासून." बापूने कप खाली ठेवला. "सगळेच करतात असं नाही. माझ्याकडे तीन टेबलांचा चार्ज आहे, वर निवडणुकीचं काम. पण करणारे आहेत."

आपल्याकडचे नियम कसे, तर पोशाख कसा असावा, मोबाइलवर आवाज सौम्य असावा, हे सगळं परिपत्रकात सापडतं. आवाज मोजता येतो, अंगठा मोजता येतो. दिरंगाई मोजायला कुणीतरी तक्रारच करावी लागते.

"पम्या, ती तू कर," बापू म्हणाला. "लोकसेवा हक्क कायदा, 2015. दाखला किती दिवसांत द्यायचा ते ऑफिसबाहेर फलकावर लिहिलेलं असतं. मुदत टळली की अपील. सबळ कारण नसेल तर पाचशे ते पाच हजार दंड, अधिकाऱ्याच्या खिशातून."

पम्याचा चेहरा उजळला. "उद्याच टाकतो!"

"उद्या रविवार. अर्जाची पोच दाखव."

"कसली पोच?"

"अर्ज दिलास त्याची. तारीख नि क्रमांक असतो त्यावर. मुदत तिथूनच सुरू होते."

पम्याने खिसे चाचपले, मग मोबाइलमधले फोटो वरखाली केले. मग कळलं की अर्ज एका एजंटने 'आतून' दिलाय, तीनशे रुपये घेऊन. रांग नको म्हणून.

राजाभाऊंनी चहावाल्याला हाक मारली. निखिलने तोंड फिरवून हसून घेतलं.

"सोमवारी पावणेदहालाच जातो," पम्या म्हणाला. "नवा अर्ज, माझ्या हाताने."

"दहाला ये," बापू म्हणाला. "पावणेदहाला आम्ही अंगठ्याच्या रांगेत असतो."