‘बटणे जमवण्याचा छंद’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चीनच्या सोंग राजवटीच्या नाण्यांवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत. युआनफेंग तोंगबाओ या नाण्याचे साल मी 1078 दिले ते चूक आहे, वजन व धातूबद्दल मी काही लिहिले नाही, आणि "ज्याला चिनी येत नाही त्याने ही नाणी जमवणे म्हणजे बटणे जमवणे."

पहिला आक्षेप मान्य. 1078 हे सम्राट शेन्झोंगच्या युआनफेंग कालखंडाचे पहिले वर्ष असून तो कालखंड 1085 पर्यंत चालला. नाण्यावर वर्षाचा आकडा नसतो, कालखंडाचे नाव असते, त्यामुळे ‘1078 ते 1085’ असेच लिहायला हवे होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

तिसऱ्या वाक्याबद्दल मात्र गप्प बसणे मला जमणार नाही. चूक दाखवणे वेगळे आणि एखाद्याच्या बावीस वर्षांच्या कामाला बटणे म्हणणे वेगळे. बटणे म्हणण्याला आक्षेप म्हणत नाहीत. मला चिनी बोलता येत नाही आणि तसा दावा मी कधीही केलेला नाही. पण आपण समजता तशी ही नाणी केवळ भाषेने उलगडत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

माझ्या हाती आलेली पहिली चाळीस नाणी एका विक्रेत्याने तांग, म्हणजे सोंगच्या आधीच्या राजवटीच्या काळातली म्हणून विकली होती. घरी आणून भिंगाखाली धरली तेव्हा बहुतेक सोंग निघाली. त्यांतली दोन नाणी मी तीन महिने वेगवेगळ्या पाकिटांत ठेवली होती, कारण अक्षरे अजिबात जुळत नव्हती. एके रात्री ती एकमेकांवर ठेवली, तर चौकोनी भोक, कडेची रुंदी आणि व्यास तंतोतंत जुळले. मजकूर एकच होता; एकावर तो मुद्रालिपीत (शिक्क्यांवर असते त्या जुन्या वळणाच्या लिपीत), दुसऱ्यावर धावत्या लिपीत (हाताने भरभर लिहिल्यासारख्या). सोंग टांकसाळींत अशा जोड्या मुद्दाम काढल्या जात. आपली शिवराई ठोकून पाडलेली, ही ओतीव. साच्यातून निघाल्यावर ती चौकोनी गजावर ओवून कडा कानशीने घासत, म्हणून कडेवरून पुष्कळ कळते. हे मला कोणत्याही शब्दकोशाने शिकवले नाही, ट्रेसिंग पेपरवर अक्षरे गिरवत शिकलो.

बरे, चिनी येणाऱ्यांचे तरी एकमत होते काय? 621 सालच्या तांग नाण्यावरील चार अक्षरे वर, खाली, उजवीकडे, डावीकडे या क्रमाने ‘काययुआन तोंगबाओ’ अशी वाचतात. पण ती गोल फिरवून ‘कायतोंग युआनबाओ’ वाचणारेही चिनी अभ्यासकच होते. आणि केवळ वाचणाऱ्याला फसवणारे उदाहरण तर याच युआनफेंग नाण्याचे आहे. 1659 ते 1685 या काळात जपानमध्ये नागासाकीला हाच मजकूर घालून परदेशी व्यापारासाठी नाणी ओतली गेली. आपल्या कसोटीने ती थेट अकराव्या शतकात जातील. अक्षरांचे वळण आणि कड पारखणारा माणूस मात्र ती बाजूला काढील, मग त्याला चिनीत ‘नमस्कार’ म्हणता येवो वा न येवो.

वजन आणि धातूचे म्हणाल, तर तो लेख मजकूर कसा वाचावा यावर होता. प्रत्येक लेखात सगळेच यावे ही अपेक्षा मला पटत नाही.

1323 साली चीनहून जपानकडे निघालेले एक जहाज कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडाले. त्यातून 28 टन नाणी निघाली. इतकी बटणे कोणी समुद्रापार नेत नाही, साहेब.

आपल्याकडे युआनफेंगची मुद्रालिपीतली नाणी असतील तर कड नीट दिसेल अशी छायाचित्रे पाठवा. माझ्या जोडीशी ताडून मी सविस्तर लिहीन. आपली पुढची प्रतिक्रियाही प्रसिद्ध करीन, फक्त तो शब्द पुन्हा नको.