‘नेता जाईल तिकडे मत’ या दाव्याची ठाणे-नवी मुंबईतली तपासणी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. या पट्ट्यात मत पक्षाला नव्हे, माणसाला पडते, असा त्याचा आशय आहे: एकनाथ शिंदे यांच्यामागे शिवसेनेचा मतदार अख्खा गेला, नगरसेवक ज्याचे त्याचीच मते, आणि गणेश नाईक ज्या पक्षात जातील तो पक्ष नवी मुंबई जिंकतो.

त्यात पहिला पुरावा म्हणून निवडणूक आयोगाचा १७ फेब्रुवारी २०२३ चा निर्णय दिलेला असतो. शिंदे गटाला पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण देताना आयोगाने असा हिशेब मांडला की, २०१९ मध्ये विजयी झालेल्या ५५ आमदारांना मिळालेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के मते या गटाच्या ४० आमदारांची होती. हिशेब खरा आहे, पण ती मते शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीच्या अडीच वर्षांहून अधिक काळ आधी, अखंड शिवसेनेच्या उमेदवारांना आणि भाजपशी युती असताना पडलेली होती. फुटीनंतर मतदार कुठे गेला, हे फुटीआधीच्या मतपेटीतून कळणार कसे? शिवाय शिवसेनेच्या पराभूत उमेदवारांची मते या टक्केवारीत धरलेलीच नाहीत.

नगरसेवकांचा मुद्दा वरवर भक्कम वाटतो. ठाणे महापालिकेत २०१७ साली शिवसेनेचे ६७ नगरसेवक निवडून आले होते आणि जुलै २०२२ मध्ये त्यांपैकी ६६ जण शिंदे यांच्याकडे गेले. मते त्याच प्रमाणात गेली असती, तर २०२४ च्या लोकसभेला उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहिलेले राजन विचारे यांच्याकडे काँग्रेससारख्या मित्रपक्षांच्या मतांखेरीज काही उरायला नको होते. शिंदे गटाचे नरेश म्हस्के २ लाख १७ हजारांच्या फरकाने जिंकले हे खरेच. परंतु पराभूत विचारे यांना ५ लाख १७ हजार मते होती, आणि २०१९ मध्ये याच मतदारसंघात त्यांच्याविरुद्ध लढलेल्या काँग्रेस आघाडीच्या उमेदवाराला मिळालेली मते सव्वातीन लाखांच्या आसपास होती. मधली सगळी वाढ जुन्या शिवसैनिकांची होती असे मी म्हणणार नाही, कारण आघाडीबाहेरची काही मतेही विचारे यांच्याकडे वळलेली असू शकतात. तरीही मतदार ‘अख्खा’ गेला, हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही. म्हस्के यांच्या विजयातही भाजपचा वाटा मोठा आहे. ठाणे शहर विधानसभेत २०१४ साली दोन्ही पक्ष वेगळे लढले, तेव्हा भाजपचे संजय केळकर शिवसेनेला हरवूनच आले होते.

ठाण्याला फुटीचा अनुभवही काही २०२२ पासूनचा नाही. राज ठाकरे यांनी शिवसेनेतून बाहेर पडून मनसे स्थापन केल्यानंतरच्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत, २००९ साली, मनसेच्या उमेदवाराने येथे लाखाहून अधिक मते घेतली, शिवसेनेचे विजय चौगुले पडले आणि जागा राष्ट्रवादीच्या संजीव नाईक यांना मिळाली. त्या वेळी मते कोणत्याच एका नेत्यामागे गेली नाहीत; ती दोन वाटांनी गेली आणि लाभ तिसऱ्याला झाला.

आता नवी मुंबई. गणेश नाईक यांचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. गावठाणातले आगरी-कोळी प्रकल्पग्रस्त, माथाडी वस्त्या आणि सिडकोच्या वसाहती यांना एकत्र धरून ठेवणारे दुसरे नाव या शहरात क्वचितच सापडेल. मात्र ‘जातील तो पक्ष जिंकतो’ हे विधान इतिहासाला धरून नाही. शिवसेनेचे आमदार आणि मंत्री राहिलेले नाईक १९९९ मध्ये राष्ट्रवादीत गेले आणि त्याच वर्षी बेलापुरातून शिवसेनेच्याच सीताराम भोईर यांच्याकडून हरले. २०१४ मध्ये, राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेलेल्या मंदा म्हात्रे यांनी त्यांना दीड हजारांहूनही कमी मतांनी हरवले. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, एप्रिल २०१५ मध्ये, महापालिकेत त्यांच्याच राष्ट्रवादीला १११ पैकी ५२ जागा मिळाल्या आणि भाजपला केवळ ६. ज्या शहराने विधानसभेत नाईकांना घरी बसवले, त्याच शहराने गटार, पाणी आणि रस्त्यासाठी त्यांच्याच माणसांना निवडले. हा मतदार नेत्यामागे धावणारा नाही आणि पक्षाला बांधलेलाही नाही. निवडणूक कशाची आहे, हे पाहून तो मत देतो.

नोव्हेंबर २०२४ चे निकाल तर फिरत्या मजकुराला सर्वांत अडचणीचे आहेत. ऐरोलीत, २०१९ मध्ये भाजपमध्ये गेलेले गणेश नाईक कमळावर उभे होते. २००९ मध्ये लोकसभेला पडलेले आणि आता शिंदे यांच्या पक्षातले तेच विजय चौगुले अपक्ष म्हणून त्यांच्याविरुद्ध उतरले, तरीही नाईक मोठ्या फरकाने जिंकले. शेजारच्या बेलापुरात त्यांचे पुत्र संदीप नाईक भाजप सोडून शरद पवार यांच्या पक्षाकडून लढले आणि मंदा म्हात्रे यांच्याकडून ३७७ मतांनी हरले. घराणे एक, शहर एक, मतदानाचा दिवसही एक. बेलापुरात नाईकांची बरीचशी मते मुलामागे गेली असणार, नाहीतर फरक इतका थोडा राहिला नसता. पण कमळाची म्हणून जी मते होती ती जागची हलली नाहीत. माझ्याकडे आलेल्या मजकुरात ऐरोलीचा विजय ठळक अक्षरांत आहे. बेलापूरचा उल्लेख नाही.