टीडीएसचा आकडा कमी, म्हणून नदी ठणठणीत?

"टीडीएस मीटर नदीत बुडवा. आकडा 500 च्या आत असेल तर नदी निरोगी. बाकीच्या तपासण्या प्रयोगशाळेवर सोडा." नदीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये हा सल्ला बराच फिरतोय. (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिग्रॅ प्रति लिटरमध्ये.) मीटरचा दोष नाही, त्याला भलतंच काम लावलंय.

'मीटर सगळी घाण मोजतो.' अजिबात नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच तो पाहतो आणि त्याला साधारण 0.5 ते 0.7 ने गुणून आकडा दाखवतो. तेल, युरिया, बहुतेक कीटकनाशकं आणि जिवाणू यांचा त्याला पत्ताही लागत नाही.

'आकडा कमी तेवढं पाणी चांगलं.' चुनखडीतून येणारा नितळ झरा ग्रॅनाइटवरून वाहणाऱ्या मैलामिश्रित ओढ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. जोराच्या पावसात क्षार विरळ होऊन आकडा उतरतो, आणि नेमकी तेव्हाच गटारं नदीत ओसंडत असतात. शिवाय 500 हा आकडा पिण्याच्या पाण्याच्या मानकांतला; नदीतल्या जीवसृष्टीसाठी तो ठरवलेलाच नाही.

'विरघळलेला ऑक्सिजन मोजणं आपल्या आवाक्यातलं नाही.' विंकलर पद्धत, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजणं, थोड्या सरावाने जमते. 300 मिली बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरा. बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून 1 मिली मँगनीज सल्फेट आणि 1 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड ही द्रावणं आत सोडा, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. साका बसला की 1 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. त्यातलं 200 मिली घेऊन 0.025 नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घाला: जितके मिली लागले, तितके मिग्रॅ प्रति लिटर ऑक्सिजन. शेवट नीट दिसावा म्हणून घालायचा स्टार्च, नमुना फिकट पिवळा झाल्यावरच घालायचा. आधी घातला तर निळा रंग चिकटून बसतो आणि थायोसल्फेट जास्त ओतलं जातं. हातमोजे आणि चष्मा हवेतच. उरलेलं द्रावण कॅनमध्ये जमा करा, नदीत नाही (हे सांगावं लागतं!).

वेळही महत्त्वाची. 30 अंशांच्या पाण्यात, समुद्रसपाटीला, ऑक्सिजन साधारण 7.6 मिग्रॅपर्यंत मावतो. शेवाळाने भरलेल्या डोहात दुपारी 10 दिसले तर खूश होऊ नका. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. खरी परीक्षा पहाटे, उजाडण्याआधी.

'किडे मोजणं हा पोरखेळ.' उलट, मीटर त्या क्षणाचं सांगतो, तर किड्यांच्या अळ्या कित्येक आठवडे तिथेच राहिलेल्या असतात. खळाळत्या उथळ जागी प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरा, तिच्यापुढचे दगड 3 मिनिटं पायाने ढवळा आणि जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लाय अळ्या, पोटाच्या कडेला कल्ले हलवणाऱ्या मेफ्लाय अळ्या दिसल्या तर चांगलं लक्षण. नुसत्या लाल कायरोनोमिड अळ्या (डासासारख्या माशीच्या) आणि ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल कृमी) दिसले तर ऑक्सिजनची मारामार आहे. पुरानंतर लगेच मात्र जाऊ नका. प्रवाहाने सगळं धुऊन नेलेलं असतं आणि चांगली नदीही रिकामी दिसते.

मग टीडीएस मीटर फेकून द्यायचा? नाही. प्रमाणित द्रावणात (ज्याचा आकडा आधीच माहीत आहे) तपासून घ्या आणि नाला मिळतो त्याच्या वर आणि खाली, एकाच फेरीत वापरा. खाली आकडा एकदम चढला, तर ऑक्सिजनची बाटली तिथे भरा.