बीपी, डिस्क नंबर दोन

रवी जाधवचा 'बालक-पालक' ऊर्फ 'बीपी' हा पिच्चर २०१३च्या जानेवारीत आला तेव्हा थेटरात बघायचा राहून गेला, मग ऑफिसातला एकजण म्हणाला पोराला घेऊन बघच, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हीसीडी आणली. डीव्हीडी ३० रुपयांनी महाग होती, तिथेच माती खाल्ली. व्हीसीडीच्या एका डिस्कवर जेमतेम सव्वा तासाचा पिच्चर मावतो, म्हणजे डिस्का दोन, आणि मध्ये कोणीतरी उठायचं.

त्यात लावली रविवारी दुपारी. प्लॅन होता मी आणि आठवीतले चिरंजीव एवढाच, पण बाबा आधीच खुर्चीत, आई लसूण सोलायला घेऊन बसलेली, आणि बायको म्हणे मी पण बघते.

पिच्चर भारीच आहे हां. मूळ एकांकिका अंबर हडप आणि गणेश पंडितची. ऐंशीच्या दशकातली चार पोरं, बिल्डिंगमधल्या ताईचं नेमकं झालं काय हे एकही मोठा माणूस धड सांगेना म्हणून ती स्वतःच शोधायला निघतात, वर सगळं माहीत असलेला विशू, आणि शोध जाऊन पोचतो भाड्याच्या व्हीसीआरवरच्या ब्लू फिल्मपर्यंत. थेटरात अंधार तरी असतो, आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट! अवघड सीन आला की आईचा लसणाचा स्पीड वाढायचा, मी चार वेळा उठून पाणी प्यालो, आणि चिरंजीव टीव्ही सोडून माझं तोंड बघत बसलेले.

आणि नको तिथेच अडकली. चित्राचे चौकोन, एका पोराचं तोंड अर्धं उघडं, आवाज नुसता क-क-क-क. पुढे ढकलायला रिमोट दाबला तर ती गेली मागे, तोच सीन पुन्हा. असं तीनदा. लसूण संपला.

शेवटी बाबा उठले. डिस्क काढली, तोंडाची वाफ मारली, बनियनच्या टोकाने मधून कडेला सरळ पुसली. "गोल नाय फिरवायची रे. व्हीसीआरचं बरं होतं, हेडवर दहाची कोरी नोट फिरवली की चित्र एकदम स्वच्छ."

आईने मान वर केली. "अहो, आपल्याकडे व्हीसीआर कधी होता?"

बाबांनी हातातली डिस्क कव्हरमध्ये ठेवली आणि काही न बोलता दुसरी लावली.