यात तुम्हीच आहात ना?

शाळेतल्या एका मित्राचा दहा वर्षांनी मेसेज आला. ना नमस्कार, ना चमत्कार. ‘यात तुम्हीच आहात ना?’, पुढे हसून लोळणारे दोन चेहरे आणि खाली व्हिडिओची लिंक. जो जन्मभर मला ‘ए ढापण्या’ म्हणत आला, तो एकदम ‘तुम्ही’वर आला, इथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण त्या दिवशी अंगारकी होती. घरी कडक उपास होता, आणि दुपारी दादर स्टेशनबाहेर, चांगला आडोसा बघून, मी वडापाव हाणला होता. दोन. दुसऱ्यात चुरा मागून घेतला होता.

मुंबईत आडोसा म्हणजे जिथे फक्त तीनशेच माणसं बघतात अशी जागा. कुणीतरी शूटिंग केलं असणार!

घरी येऊन लॅपटॉपवर लिंक उघडली. चक्र गरगरलं आणि पाटी आली, ‘व्हिडिओ पाहण्यासाठी फ्लॅश प्लेअर अपडेट करा.’ केला. ‘परवानगी द्या.’ दिली. सोसायटीच्या साध्या नोटिशीवर सही करायची तरी मी चष्मा शोधतो. व्हिडिओ काही लागला नाही.

तासाभराने भाचा धावत आला. “मामा, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद पडलं! मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड अपडेट केलंस तू.” ही युक्ती २००८ पासूनची, म्हणे. तेव्हा फेसबुकवर ‘कूबफेस’ नावाचा किडा फिरत होता; नावसुद्धा फेसबुकचीच अक्षरं उलटीपालटी करून ठेवलेलं. ओळखीच्याचा मेसेज, व्हिडिओ, फ्लॅशचं अपडेट, सगळं हेच. म्हणजे फसलो तोही शिळ्या मालावर. अपडेटच्या नावाखाली ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटणारा छोटा प्रोग्रॅम, घुसलं होतं. माझं अकाउंट कायम उघडंच, त्यामुळे त्याला पासवर्डही लागला नाही. यादीतल्या झाडून सगळ्यांना ते माझ्या नावाने विचारत सुटलं होतं, ‘यात तुम्हीच आहात ना?’

उत्तरं यायला लागली.

सोसायटीचे सेक्रेटरी : ‘टाकीचा व्हॉल्व्ह मी फक्त पाच मिनिटं उघडला होता. मीटिंगमध्ये विषय काढू नका.’

विहीणबाई : ‘नथ खोटी आहे हे आमच्या ह्यांना कळू देऊ नका हं.’

साहेब : ‘कुणी पाठवला? उद्या केबिनमध्ये या. तुमच्या रजेचंही बघून टाकू.’ ही रजा मी दिवाळीपासून मागत होतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नुसतेच जोडलेले हात पाठवले. सहा वेळा.

भाच्याने एक्स्टेन्शन उपटलं, सगळीकडून लॉगआउट केलं, पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी लावली. “आता सगळ्यांना कळव, लिंक उघडू नका म्हणून.” कळवलं. सेक्रेटरींना जरा उशिरा, आमच्याकडे पाणी धो धो येऊन गेल्यावर. साहेबांना रजा मंजूर झाल्यावर कळवणार आहे.

बायको ओट्याशी मोदक वळत होती. मान वर न करता म्हणाली, “काय होतं हो त्या व्हिडिओत?”

“काही नाही गं. व्हिडिओ नव्हताच.”

तिने मोदकाची शेवटची पाकळी नीट मिटवली.

“मग तुम्हाला काय असेल असं वाटलं?”