मडगार्ड काढ, इंजिनियर हो

भावा, आधी गाडीच्या मागे चार पावलं जाऊन उभा राहा आणि नीट बघ. टेल कशी विंचवाच्या नांगीसारखी वर गेलीय, खाली तो जाडजूड टायर, आणि मधे ते काळं प्लास्टिक लोंबतंय, त्याच्या टोकाला नंबर प्लेट, प्लेटखाली लाल रिफ्लेक्टर. घरच्यांना सहा महिने पटवून, हप्ता बांधून केटीएमची आरसी ३९० घ्यायची आणि मागून बघावं तर दूधवाल्याची एम-एटी. हे चालणार नाही. ते प्लास्टिक काढायचं आणि तिथे स्वतः डिझाईन केलेला ब्रॅकेट लावायचा, ज्याला टेल टायडी म्हणतात. टायडी म्हणजे नीटनेटकं. खोलीत चार दिवसांचे मोजे पडलेले असले तरी टेल टायडी पाहिजे.

कंपनीने ते एवढं लांब का ठेवलं असेल असा प्रश्न मनात येईल, तो येऊ देऊ नकोस. ही गाडी चाकणला बनते, तिथे लोक पगार घेऊन वर्षानुवर्षं हेच करतात, पण त्यांच्याकडे तुझी नजर नाही आणि तुझ्याकडे काकांचा ग्राइंडर आहे.

तर सीट काढ, बोल्ट सोडव, इंडिकेटरच्या वायरी ओढून काढ (कुठली कुठे होती त्याचा फोटो काढायचा नसतो, लक्षात राहतं) आणि मडगार्ड हातात घे. किचनच्या काट्यावर ठेव. जे काही ग्रॅम येतील त्याला इथून पुढे वेट रिडक्शन म्हणायचं आणि ग्रुपवर टाकायचं, त्याच सकाळी मिसळीबरोबर दोन पाव जादा आणि वर ताक झालेलं टाकायचं नाही. साडी गार्डही लगेहाथ काढून टाक, ती तर आणखी घाण दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम म्हणतो की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं पाहिजे, पण तुझ्यामागे साडीवालं कोण बसणार आहे, आई? तिला कशाला न्यायचंय.

आता खरा विषय, अँगल. मोटारसायकलच्या मागच्या प्लेटवर अक्षर ३५ मिलिमीटर आणि आकडा ४० मिलिमीटर उंच पाहिजे असं नियमात लिहिलंय, आणि प्लेट २०० बाय १०० ची. पण ती सरळ उभीच दिसली पाहिजे एवढी अक्कल लोकांना आपोआप असेल असं कायदा लिहिणाऱ्याला वाटलं असणार, आणि आपलं सगळं करिअर या वाटण्यावर उभं आहे. प्लेट उभ्यापासून ६० अंश आडवी केलीस की मागून बघणाऱ्याला तिची उंची बरोबर निम्मी दिसते, कॉस ६० म्हणजे अर्धा, अकरावीत सरांना विचारलं होतंस ना की हे आयुष्यात कुठे लागणार, इथे लागलं. ७५ अंश केलीस तर जवळजवळ पाव. म्हणजे ४० चा आकडा दहाचा झाला, आता तो फक्त रस्त्यावरच्या मुंगीला वाचता येतो. याला नंबर लपवणं म्हणायचं नाही. ॲग्रेसिव्ह अँगल म्हणायचं. कोणी खोलात गेलं तर एरोडायनॅमिक्स म्हणायचं, पुण्यात सिग्नल ते सिग्नल एरोडायनॅमिक्सचा फार फरक पडतो.

खरं सांगू का, आधीची पिढी बरी होती. ८०५५ चा बॉस करायची, ४१४१ चा दादा, २१४ चा राम, बेकायदेशीर तर बेकायदेशीर पण पेंटरला समोर बसवून नंबर ओरडून सांगितलेला असायचा. तू कुजबुजतोयस.

त्यात एचएसआरपी आली, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच, आणि जुन्यांनाही महाराष्ट्रात ४५० रुपये अधिक जीएसटी भरून लावायला लावली. ॲल्युमिनियमची, चक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला प्लेटचा स्वतःचा वेगळा क्रमांक, आणि सगळ्यात बेकार म्हणजे स्नॅप लॉक. तो एकदाच बसतो, काढायचा तर फोडावा लागतो. ज्याने तो बनवला त्याच्या डोळ्यासमोर नक्की तूच होतास. फोड. ड्रिल घे, लॉक उडव आणि प्लेट साध्या नटबोल्टने नव्या ब्रॅकेटला लाव, हाय सिक्युरिटीतली हाय तेवढी गेली, सिक्युरिटी कुठे जाते.

मटेरियल निवडताना नेटवर बघायचं सगळ्यात स्ट्रॉंग ॲल्युमिनियम कुठलं. तिथे ७०७५ टी-सिक्स असं उत्तर येतं. छान नाव आहे, विमानासारखं वाटतं. ते वाकवताना कडेला तडकतं आणि वाकवायच्या कामाला लोक मुकाट्याने ५०५२ घेतात, ही माहिती त्याच पानावर दोन ओळी खाली असते, तिथपर्यंत जायचं नाही. मग मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टेम्प्लेट कर, ते कॅडमध्ये म्हणजे कॉम्प्युटरवर काढ, आणि त्या ड्रॉइंगची डीएक्सएफ फाईल घेऊन भोसरीला लेसर कटिंगवाल्याकडे जा. मी गेलो होतो. तो माणूस दिवसाला शेकड्यांनी पॅनल कापतो, त्याने माझी फाईल उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "साहेब, बेंड वर का खाली?" म्हणलं ड्रॉइंगमध्ये आहे की. तो म्हणला, "ड्रॉइंगमध्ये नुसती तुटक रेघ आहे." मग म्हणला हे भोक बेंडच्या एवढं जवळ आहे, वाकवल्यावर अंड्यासारखं होईल. मी म्हणलं होऊ द्या, स्लॉट म्हणून वापरू. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. भोक अंड्यासारखं झालं. बेंड उलटा झाला. त्याने दुसरा पीस कापून दिला आणि पहिल्याचे पैसे घेतले नाहीत, ते जास्त लागलं.

पावडर कोटिंग मॅट ब्लॅक. गाडीला लावलं की पहिल्या दिवशी अंगावर काटा येतो एवढं भारी दिसतं, हे मात्र खोटं नाही.

आता टेस्टिंग. याची गरज नसते, डायरेक्ट महाबळेश्वर. सिंगल सिलिंडर इंजिन ६,००० आरपीएमला सेकंदाला शंभर वेळा फिरतं, म्हणजे त्या दोन मिलिमीटरच्या पत्र्याला सेकंदाला शंभर झटके, तासाला साडेतीन लाखाच्या वर, आणि रस्ता तीन तासांचा धरला तर दहा लाखाच्या पुढे. पत्रा लांब, टोकाला प्लेट आणि दोन इंडिकेटर, म्हणजे तू घरी बसून टाळ वाजवायचं यंत्र बनवलंयस. तो जिथे वाकवलाय तिथेच आधी केसासारखी रेघ येते, पावडर कोटिंगच्या खाली, दिसत नाही. माझा पसरणी घाटात गेला. वाईच्या पुढे तिसऱ्या का चौथ्या वळणावर खळखळ असा आवाज आला, मला वाटलं चेन, थांबून बघतोय तर ब्रॅकेट एका इंडिकेटरच्या वायरीवर लोंबकळतोय, कापलेल्या बोकडाच्या मुंडीसारखा. मागच्या जीपवाल्याने काच खाली करून "दादा, नंबर पडला" एवढंच सांगितलं.

व्हर्जन दोनला जाड पत्रा घेतला आणि खाली रबर वॉशर टाकले. ते तुटलं नाही. त्याच्या ऐवजी स्पीडब्रेकरवर, मागे मित्र बसलेला असताना, घर्र झालं. मागचं चाक सस्पेन्शनमध्ये दीडशे मिलिमीटरच्या आसपास वर येतं आणि मी गाडी स्टँडवर असताना माप घेतलेलं, त्यामुळे टायरने प्लेटची खालची कड चाटून साफ केली. तू पण स्टँडवरच माप घे, चाक तेव्हा शांत असतं.

मग पाऊस आला. आईला पूजेला कात्रजला सोडायचं होतं, रिक्षा मिळेना, ती बसली बिचारी त्या पुठ्ठ्याएवढ्या सीटवर एका बाजूला पाय करून, पदर खोचून. उतरल्यावर बघितलं तर कंबरेपासून अंबाड्यापर्यंत चिखलाची सरळ पट्टी, फूटपट्टीने मारल्यासारखी. "अरे, पाठीमागून काय उडत होतं रे सारखं?" मी म्हणलं पाऊस आहे आई. अख्ख्या सत्यनारायणात ती भिंतीला टेकून बसली.

आणि मामा, म्हणजे ट्रॅफिक पोलीस. मामांनी चौकात बाजूला घेतलं, ई-चलनचा फोटो काढायला मोबाईल धरला तर त्यात नुसती प्लेटची कड येतेय. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, मग अजून वाकले, मग शेवटी उकिडवे बसले आणि खालून वर बघत म्हणले, "ही प्लेट कुणाला दाखवायला लावली रे, रस्त्याला?" ॲग्रेसिव्ह अँगल हा शब्द माझ्या तोंडात होता, गिळला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १८२-ए आहे, परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दर बदलामागे. मी मनात मोजायला लागलो, ब्रॅकेट, इंडिकेटर, आणि सायलेन्सरकडे त्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी कंटाळून ५०० वर सोडलं.

यातून डिझाईन सुधारतं. व्हर्जन तीनला प्लेट सरळ केली, कारण मामांची कंबर. चारला ती टायरपासून लांब घेतली, म्हणजे ब्रॅकेट लांब झाला. लांब झाला तर हलायला लागला, मग पाचला मधे एक रिब म्हणजे आधाराची उभी पट्टी दिली आणि खाली रबर ग्रोमेट, म्हणजे झटके खाणारी रबरी कडी. एलईडी इंडिकेटर टणाटण उघडझाप करत होते, कारण इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला त्यांचा लोड पुरत नाही, तर नवा रिले. रात्री प्लेटवर पांढरा उजेड पाहिजे म्हणून बारका दिवा. लाल रिफ्लेक्टर. चिखलासाठी खाली ट्रकच्या फ्लॅपचा तुकडा. सहाव्या व्हर्जनला गाडीच्या मागे चार पावलं जाऊन उभा राहिलो. काळं, लांब, टोकाला प्लेट, खाली रिफ्लेक्टर. खर्च सांगत नाही, घरचे वाचतात.

परवा गाडी विकायला काढली. साताऱ्याचं गिऱ्हाईक आलं, गाडी आवडली, फिरून मागे गेला आणि म्हणला, "हे काय लावलंय ते काढून घ्या, ओरिजिनल मडगार्ड आहे ना?" आहे की, गच्चीवर. आई गेलं वर्षभर त्याने बदामाची वाळलेली पानं भरते, म्हणते लांबीला बरोबर आहे, सुपलीसारखं वाकणही आहे, कंबर दुखत नाही. मागायला गेलो तर म्हणाली, "देते, पण मग मला तुझा तो पत्र्याचा दे." दिला. दहा मिनिटांनी परत घेऊन आली. बाजूने पानं सांडतात म्हणे.