संडरलंडवरील लेख आणि ३.८ टक्क्यांचा आक्षेप

महोदय,

घरांतल्या दाटीच्या १९३६ च्या सरकारी सर्वेक्षणात इंग्लंड आणि वेल्समधील कामगारांची जेमतेम ३.८ टक्के घरे दाटीची ठरली, म्हणजे प्रश्न जवळजवळ सुटलाच होता आणि संडरलंड या ईशान्य इंग्लंडमधल्या शहरातील दाटीवरचा माझा लेख हा ‘आकडे न पाहता काढलेला गळा’ आहे, असे आपण लिहिले आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. पण अनोळखी माणसाशी बोलण्याची ही रीत नव्हे. ‘गरिबी पुस्तकात पाहिलेले लेखक’ हे आपले विशेषण तर मला मुळीच लागू पडत नाही. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही आठजण राहत होतो आणि अंथरुणे पडल्यावर दाराची कडी काढायलाही कुणाला तरी उठवावे लागे. दाटी म्हणजे काय, हे मला कोणी तक्ते दाखवून शिकवू नये.

एवढे मान्य करतो की, ब्रिटनच्या १९३५ च्या गृहनिर्माण कायद्याने दाटीची देशभर लागू होणारी व्याख्या प्रथमच केली आणि निरीक्षकांना घरोघर पाठवले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु ३.८ हा आकडा ज्या मापाने निघाला, ते माप आपण पाहिलेले दिसत नाही. दोन खोल्यांत तीन माणसे आणि तीन खोल्यांत पाच माणसे चालत. दहा वर्षांखालील मूल अर्धे धरले जाई, वर्षाच्या आतले बाळ मोजलेच जात नसे, आणि घरातली बसायउठायची खोलीही झोपण्याची खोली म्हणून हिशेबात येई. म्हणजे नवराबायको, दोन लहान मुले आणि एक तान्हे बाळ असे पाच जीव दोन बऱ्यापैकी मोठ्या खोल्यांत राहत असले, तरी निरीक्षकाच्या वहीत ते घर दाटीचे ठरत नसे. अशा घरातल्या आईला ‘तुमच्याकडे दाटी नाही’ असे सांगण्याचे धाडस आपण कराल काय?

इतक्या सैल मापानेही संडरलंडमध्ये दर पाच घरांमागे सुमारे एक घर दाटीचे निघाले. देशाच्या सरासरीत ते शहर बुडवून टाकायचे आणि वर मलाच आकडे पाहायला सांगायचे, हे मला पटत नाही.

भाडी, कौन्सिलची म्हणजे नगरपालिकेने बांधलेली घरे आणि माझी राजकीय मते यांविषयीच्या आपल्या ओळींत उत्तर देण्यासारखे काही नाही. मापाविषयी मात्र माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे माप आदर्श नसून संसदेच्या मते सहन करता येईल अशी किमान मर्यादा आहे, असे त्या सर्वेक्षणाच्या सरकारी अहवालातच नमूद केलेले आहे.